धरणाचा दरवाजा, घाटाची पायरी आणि मधला वेळ: एका ॲनिमेशन फिल्मचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमचा स्टुडिओ म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. वर्षभर पोट चालतं ते बिल्डरांचे व्हिडिओ, द्राक्षबागेच्या फवारणीची माहिती देणाऱ्या छोट्या फिल्म आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती यांवर. त्यामुळे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने गोदावरीच्या पुरावर पावणेचार मिनिटांची टूडी फिल्म करायला सांगितली, तेव्हा सगळ्यांनाच हुरूप आला. नदीकाठच्या वस्त्यांमधल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना ती दाखवायची होती आणि नंतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायची होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती हातात हवी होती.

विषय नाशिककराला समजावून सांगावा लागत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की बातम्यांमध्ये क्युसेकचे आकडे येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. पण आकडा ऐकून पोटात गोळा येत नाही. तो येतो ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं’ हे ऐकून. हा मारुती म्हणजे रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभी असलेली मूर्ती. गुडघा, कंबर, छाती, गळा ही आमच्या गावाची पूर मोजायची पट्टी. तेव्हा मारुती फिल्ममध्ये असणार, हे पहिल्या चहालाच ठरलं.

गोष्ट साधी होती. घाटावर फुलांची टपरी असलेल्या घरातली एक मुलगी. आजी तिला १९६९ चा पूर सांगते. मग आजचा दिवस येतो: धरणाचे दरवाजे उघडतात, भोंगा लावलेली गाडी काठाने सूचना देत फिरते, घरचे टपरी हलवतात आणि मुलगी पूर बघायला गेलेल्या भावाला ओढून परत आणते. संस्थेच्या ताईंना मुलांपर्यंत एकच गोष्ट पोहोचवायची होती. सूचना आली की हाताशी थोडा वेळ असतो, तो बघ्यांच्या गर्दीत घालवू नका.

एकतीस शॉट, म्हणजे तीस जोड. या जोडांना पुस्तकात दृश्यांतर म्हणतात, आम्ही आपले ट्रान्झिशन म्हणतो. स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटची चौकटीतली कच्ची चित्रं, करताना मी दोन चौकटींच्या मध्ये फक्त एक बाण काढला होता. तिथे काय करायचं ते नंतर संकलनात बघू, असा हिशोब. सगळं पुढचं रामायण त्या बाणात होतं.

अडचण

पहिली प्रत तयार झाली तेव्हा एकोणीस दिवस उरले होते. एका जोडावर वहीचं पान उलटत होतं. एका ठिकाणी पाण्याचा थेंब पडद्यावर पसरून पुढचं दृश्य आणत होता. दोन झूम होते. तीन ठिकाणी व्हिप पॅन, म्हणजे कॅमेरा गर्रकन फिरतो, चित्र फराटे ओढल्यासारखं होतं आणि आपण दुसरीकडे पोचतो. सोबत ‘सुंऽऽई’ असा आवाज. आम्ही त्यावर बेहद्द खूश होतो. क्लासच्या जाहिरातीत हेच तर चालतं.

ताईंनी ती प्रत एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांना दाखवायची ठरवली. महापालिकेच्या शाळेची खोली, खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतीवर प्रोजेक्टर. मी मागे बाकावर बसलो. मुलं हसली, आजीला बघून ‘ए, तुझी आजी’ असं एकमेकांना चिडवून झालं. फिल्म संपल्यावर ताईंनी विचारलं, “धरणाचे दरवाजे उघडल्यावर काय झालं?”

“घाट बुडाला.”

“कधी?”

“लगेच. सर्रकन.”

मागून एक मुलगी म्हणाली, “मग टपरी कशाला हलवत होते? तेवढ्यात बुडणारच ना.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत राहिलो. जे सांगायला फिल्म केली, नेमकं त्याच्या उलट मुलीला कळलं होतं, आणि तर्क तिचा बरोबर होता. आमच्या फिल्ममध्ये खरंच तसं घडत होतं. दरवाज्यातून पाणी उसळतं, सुंऽऽई, आणि पाणी मारुतीच्या कमरेला.

आणखी तीन गोष्टी त्याच दुपारी समोर आल्या. आजी जुना पूर सांगते तिथे आम्ही चौकटीचे कोपरे गोल केले होते आणि पिवळट रंगावर ओरखडे टाकले होते. निम्म्या मुलांना वाटलं, आजी टीव्हीवर पिक्चर बघतेय. एका मुलाने विचारलं, “नदी मध्येच उलटी का वाहते?” आणि रात्र दाखवायला जिथे दोन सेकंद काळा फेड होता, म्हणजे चित्र विझत पडदा काळा होत होता, तिथे सगळी खोली एका सुरात ओरडली, “लाइट गेलीऽ!” दोघं तर उठून बटणापाशी गेले.

खोट कुठे होती

व्हिप पॅन हा दोन जागांना शेजारी बसवतो. मान इकडून तिकडे वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपण तिथे पोचलो, म्हणजे ती जागा बाजूलाच असणार आणि वेळही तीच असणार, असं डोळा धरून चालतो. मारामारीच्या दृश्यात किंवा विनोदात तो म्हणूनच छान बसतो. धरण मात्र शहराच्या पश्चिमेला, बरंच वर. तिथून पाणी सोमेश्वरच्या धबधब्यावरून, होळकर पुलाखालून रामकुंडाकडे येतं. या अंतराला लागणारा वेळ हाच फिल्मचा विषय होता आणि आम्ही तो एका फराट्यात पुसून टाकला होता.

मी इतकी वर्षं ट्रान्झिशन म्हणजे दोन शॉटमधली नक्षी समजत होतो. साध्या कटला प्रेक्षक आपलं आपण काहीतरी उत्तर भरतो. पण तिथे हालचाल, रंग, आवाज असं काही घातलं की ते उत्तर आपण दिलेलं असतं, आणि इथे आम्ही न विचारता, चुकीचं दिलं होतं.

कोणते पर्याय तपासले

धरण ते घाट या एका जोडावर आम्ही दोन दिवस घालवले.

संकलन करणारा मुलगा म्हणाला, “दादा, सरळ पाटी टाकू. ‘काही वेळाने’.” सगळ्यात स्वस्त उपाय. पण पाचवीतली काही मुलं अजून अक्षर लावून वाचतात, त्यांचं वाचून होईपर्यंत पाणी येऊन जाईल. बरं, ‘दोन तासांनी’ असा आकडा घालावा तर तो कोणी द्यायचा? विसर्ग किती, शहरात पाऊस किती, यावर वेळ बदलते. फिल्ममध्ये आकडा आला की मुलं तो वचनासारखा धरून बसतील. ताईंनी पाटीला तिथेच नकार दिला.

काळ्या फेडचा निकाल शिबिरातच लागला होता. अंधाऱ्या थिएटरात फेड म्हणजे डोळा मिटणं. उजेडातल्या वर्गात, वीज जाण्याची सवय असलेल्या मुलांसमोर, तो फक्त लाइट गेल्याचा पुरावा.

डिझॉल्व्हवर मी अडून बसलो होतो. एक चित्र विरत दुसरं उमटतं, वेळ गेल्याची ही जुनी, सगळ्यांना कळणारी खूण. पण इथे ॲनिमेशनची अडचण आडवी येते. प्रत्यक्ष चित्रीकरणात शॉटच्या मागे-पुढे जास्तीचं फुटेज असतं, संकलक ते एकमेकांवर चढवतो. आमच्याकडे शॉट जिथे संपतो तिथे चित्रच संपतं. २४ फ्रेमचा, म्हणजे एका सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या दोन्ही बाजूंना सारखा धरला, तर पहिला शॉट १२ फ्रेम पुढे ओढायचा आणि दुसरा १२ फ्रेम आधी सुरू करायचा. एक चित्र दोन फ्रेम, या हिशोबाने बारा नवी चित्रं. तीही आम्ही काढून पाहिली. पडद्यावर गढूळ पाणी विरून त्यातून गढूळ पाणी उमटलं. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एकसारख्या पोताची दोन चित्रं एकमेकांत विरघळवली की डिझॉल्व्ह दिसतच नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. बारा चित्रं काढणारीने ते चार शब्दांत सुनावलंही.

चौथा पर्याय तिचाच. म्हणाली, “दादा, आपण पाण्याला उडी मारायला लावतोय. त्याला चालत येऊ दे ना.”

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

पाण्याला चालवायचं म्हणजे नवे शॉट काढायचे. पैसे वाढवून मागायचे का, हा पहिला प्रश्न. चूक आमची होती, त्यामुळे पैसे मागितले नाहीत, फक्त चार दिवस मागितले. ताईंनी दिले, पण एक अट घातली: पुन्हा मुलांना दाखवल्याशिवाय अंतिम प्रत नाही.

भिंतीवर तीसही जोडांचा तक्ता लावला. प्रत्येकासमोर तीन प्रश्न: जागा बदलली का, मध्ये किती वेळ गेला, आणि पुढचं दृश्य मागच्यामुळे घडतंय का. उत्तरं लिहिताना गंमत अशी झाली की एकवीस जोडांना साधा कट पुरत होता. पान उलटणं, थेंब, झूम सगळे गेले. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणाऱ्या गोष्टी हाताशी असतात म्हणून वापरल्या जातात, दुसरं कारण नसतं.

मग मुख्य जोड. दरवाजा उघडतो तिथून कट थेट शाळेत: मधली सुट्टी, खिचडीची ताटं. मग सोमेश्वर, धबधबा फुगलेला. कट, टपरीपाशी बाबा दोऱ्या सोडतायत. कट, होळकर पुलाचे खांब, पाणी चढतंय. कट, शाळा सुटल्याची घंटा, मुलगी धावत निघते. कट, हातगाडीवर शेवटची टोपली. आणि मग मारुती, पाणी गुडघ्याला. सगळे साधे कट. पाणी तीन ठिकाणी थांबून आलं, आणि मधल्या वेळात माणसांनी काय केलं हे दिसलं. ज्या वेळाबद्दल आम्ही बोलत होतो तो वेळ आता रिकामा राहिला नाही.

मधली सुट्टी ते शाळा सुटणं हे माप ठरवताना वाद झाला. मला सकाळ ते संध्याकाळ असा मोठा पल्ला हवा होता, कारण उजेड बदलला की काळ गेल्याचं चटकन दिसतं. ताई म्हणाल्या, “सर, दिवसभर दाखवलंत तर मुलं म्हणतील, पुष्कळ वेळ आहे, क्रिकेटची एक मॅच होईल.” त्यांचं खरं होतं. वेळ असतो, पण पुरून उरेल इतका नसतो, हे माप मुलांच्या दिवसातूनच घ्यायला हवं होतं.

नवे पाच शॉट, एकूण चौदा सेकंद. सेकंदाला बारा चित्रं धरली तर १६८ होतात. पाण्यासाठी आठ चित्रांचा लूप होता, तो तिन्ही ठिकाणी वेग बदलून फिरवला, म्हणून निभावलं.

उलट्या वाहणाऱ्या नदीचं उत्तर घाटावर जाऊनच सापडलं. जुन्या नाशिकच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या बाजूने पंचवटीकडे तोंड करून उभं राहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं. पंचवटीतून इकडे पाहिलं की उजवीकडून डावीकडे. आमच्या दोन चित्रकारांनी दोन काठांवरचे फोटो संदर्भाला घेतले होते, त्यामुळे प्रत्येक कटला नदी तोंड फिरवत होती. संकलकाने चित्र आरशासारखं उलटवून पाहिलं, तर दुकानांच्या पाट्या उलट्या झाल्या आणि पायऱ्या भलत्या बाजूला गेल्या. ज्या मुलांचं बालपण त्या पायऱ्यांवर जातं त्यांना हे खपलं नसतं. मग तीन पार्श्वभूमी नव्याने काढल्या आणि नियम केला: कॅमेरा नेहमी जुन्या नाशिकच्या काठावर. धरण नकाशावर पश्चिमेला, म्हणजे डावीकडे. फिल्मभर पाणी डावीकडून येतं. हा नियम पाळला आणि निम्मी ट्रान्झिशन आपोआप सुरळीत झाली.

१९६९ मध्ये जाणं-येणं हा भाग मला सगळ्यात आवडला. गोल कोपरे, ओरखडे, पिवळा रंग सगळं काढलं. आजी टपरीपाशी बसून मारुतीकडे बघते. मारुती चौकटीत मधोमध. कट. मारुती त्याच जागी, त्याच आकाराचा, एक फ्रेमही हललेला नाही. पण मागे रिक्षांच्या जागी टांगा, टपरीच्या जागी छत्री लावून बसलेला विक्रेता, आणि आजीच्या जागी परकर-पोलक्यातली मुलगी. याला मॅच कट म्हणतात. एक गोष्ट घट्ट धरून ठेवायची आणि बाकीचं बदलायचं, म्हणजे काय बदललं ते ठळक दिसतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा एका जागी ठेवून वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली होती, तीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी. कुंडी स्थिर, म्हणून रोप वाढताना दिसतं. इथे आमची कुंडी म्हणजे मारुती.

भोंग्याच्या गाडीसाठी आवाज आधी आणि चित्र नंतर, असा क्रम लावला. घरात सकाळचं शांत दृश्य, आई हार ओवतेय. त्यावरच दीड सेकंद, म्हणजे ३६ फ्रेम, भोंग्याचा अस्पष्ट आवाज येतो. आईचा हात थांबतो. मग कट, गाडी. संकट आधी कानावर येतं, हे काठावरच्या कोणालाही विचारा.

निकाल

दुसऱ्यांदा त्याच खोलीत, बरीचशी तीच मुलं. भोंगा सुरू झाला तेव्हा चित्रात गाडी यायच्या आधीच दोन-तीन माना खिडकीकडे वळल्या. मॅच कटला कोणीतरी पुटपुटलं, “ही आजी आहे लहानपणची.” फेड नव्हता, लाइट गेली नाही. ताईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर आलं, “पाणी निघालं तेव्हा ती जेवत होती, आणि शाळा सुटल्यावर पोचलं.” मुलांनी स्वतःच वेळ मोजली होती.

व्हॉट्सॲपवर मात्र फिल्म निम्मीच पोचली. पालक आवाज बंद ठेवून बघतात. आईचा हात का थांबला, हे त्यांना कळत नव्हतं. शिवाय दाबून लहान केलेल्या प्रतीत पावसाच्या रेघा आणि पाण्याचा लूप चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसत होते. होळकर पुलाच्या शॉटमध्ये पाणी चढतंय की काय होतंय, हे फोनवर ओळखू येत नव्हतं.

आज करायचं झालं तर

स्टोरीबोर्डवर बाण काढणार नाही. दोन चौकटींच्या मध्ये एक लहानशी तिसरी चौकट, तिच्यात ‘किती वेळ, कुठून कुठे’ एवढं लिहिलेलं. नंतर जे पाच शॉट धावपळीत काढले ते तिथेच सुचले असते, आणि तीन पार्श्वभूमी दोनदा काढाव्या लागल्या नसत्या.

कच्च्या चित्रांची, आवाज लावलेली ॲनिमॅटिक मुलांना दाखवेन. आम्हाला लाज वाटायची, रेघोट्या कशा दाखवायच्या म्हणून. मुलांना रेघोट्यांचं काही नसतं, त्यांना गोष्ट लागते.

आवाजाने होणाऱ्या प्रत्येक दृश्यांतराला डोळ्यांनी दिसणारी जोड देईन. भोंगा वाजला की घाटावरची कबुतरं एकदम उडतात. ती आईच्या मागच्या खिडकीतून दिसली असती, तर आवाज बंद असलेल्या फोनवरही काहीतरी बिनसलंय हे समजलं असतं. सहा-आठ चित्रांचं काम होतं.

एक गोष्ट आम्ही शेवटच्या आठवड्यात, जवळजवळ योगायोगाने सुधारली. दुसऱ्या वेळच्या गप्पा संपत आल्या तेव्हा पंचवटीतल्या एका मुलाने विचारलं, “पण वाघाडीला पाणी येतं ते कुठे धरणातून येतं?” वाघाडी पंचवटीतून येऊन गोदावरीला मिळते. वर जोराचा पाऊस झाला की ती बघता बघता फुगते, तिला कोणी दरवाजे उघडावे लागत नाहीत. वेळ असतो हे पटवून देण्यात आम्ही इतके गुंतलो होतो, की जिथे तो नसतो ती जागा फिल्ममध्ये आलीच नव्हती. त्या मुलाचं घर तिच्याच काठावर होतं.

दोन शॉट वाढवले. पहिल्यात पत्र्यावर कोसळणारा पाऊस. दुसऱ्यात वाघाडी, पाणी उंबऱ्याला लागलेलं. संकलकाने सवयीने विचारलं, “मध्ये काय ठेवू, दादा?” तक्त्यावर त्या जोडासमोर ‘किती वेळ’च्या रकान्यात, पाण्याला चालत येऊ दे म्हणणारीने आधीच शून्य लिहून ठेवलं होतं.